खिडकीतून घेतलेलं माप

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही, तेव्हा निदान कागदावर तरी पुरता वाकलोय असं समज.)

कुणाला पत्र लिहायचं तर आधी घरातल्या एकेकाची विचारपूस करावी, आपलं रडगाणं मागाहून, असं आई सांगायची. म्हणून क्रमाने विचारतो. तुझा उजवा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा तू लावतेस, की दाजी तो घालून उन्हात मिरवतात? दाजींचा खोकला उतरला का? गेल्या खेपेला तू फोनवर बोलत होतीस आणि मागून तो ऐकू येत होता, मला वाटलं तुमच्या दारात कुणी जुना ट्रक सुरू करतंय. भाच्याची पाठ कशी आहे? त्याला सांग, खुर्चीवर बसून पाठ दुखते म्हणून आणखी महाग खुर्ची आणणं म्हणजे पोट बिघडलं म्हणून मोठं ताट घेण्यासारखं आहे. सूनबाईंचा घसा? पन्नास मुलांचा वर्ग सांभाळून घरी आल्यावर त्या खुणांनी बोलतात असं तू म्हणालीस. घरात शांतता नांदायची ही एक रीतच म्हणायची. नातवाचा पुढचा दात उगवला का? आणि तुमचा तो म्हातारा बोका, तो अजून दाजींच्याच उशीवर झोपतो की त्याने आता स्वतःची सोय पाहिली?

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे. ही उजवा हात सोडून ठीक आहे. आणि स्वयंपाकघरही ठीक आहे. (स्वयंपाकघराची खुशाली कुणी विचारली नसताना मी ती कळवतोय, यावरूनच तुला वास आला असेल. लहानपणीही मी "मी काही केलं नाही" असं म्हणत घरात शिरलो की तू आधी अंगणात जाऊन काय मोडलंय ते बघायचीस.)

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही हा पत्राचा मोठाच गुण आहे. तर आता खुर्चीत बस, चष्मा दाजींकडून परत घे आणि वाच. अक्का, बाबांनी बांधलेला ओटा मी पाडला.

वाचलंस? आता मनातल्या मनात जे बोलायचं ते बोलून घे. मी थांबतो.

झालं असेल तर कारण सांगतो. दोन महिन्यांपूर्वी हिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. सांगितलं कुणाला नाही, पण एके सकाळी आरशासमोर बसून डाव्या हाताने केस विंचरताना पाहिलं आणि मला कळलं. तेव्हापासून हिची वेणी मी घालतोय. पहिल्या दिवशीची वेणी चाचपून हिने शांतपणे विचारलं, विहिरीतून बादली काढायची आहे का. आता बरी जमते. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी हिला उभं करून स्वयंपाक करताना हात कसा धरता ते दाखवा म्हटलं. हिने हवेतच भाजी ढवळून दाखवली, तेव्हा कोपर खांद्याच्या रेषेत आलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, घरात ओटा आहे की माळा? मग हसणं थांबवून त्यांनी स्पष्ट सांगितलं, की औषधं मी देतो, पण ओटा खाली आला नाही तर सहा महिन्यांत कपही तोंडाशी नेता येणार नाही. परत येताना ही रस्ताभर एकच वाक्य बोलली, की असू दे, इतकी वर्षं चाललंच ना. अक्का, वखारीत चौतीस वर्षं मी काट्यावर बसलो. मूठभर धान्य इकडचं तिकडे झालं तर पोतं परत चढवायला लावायचो. आणि घरात एक माणूस एक्केचाळीस वर्षं चुकीच्या मापावर उभं होतं, ते मला परक्या डॉक्टरने सांगितलं. मी ठरवलं, हिला न सांगता, हिच्या मापाचा नवा ओटा बांधायचा. तोही स्वतःच्या हाताने.

स्वतःच्या हाताने का, हे तुला तरी सांगायला नको. तो ओटा बांधला तेव्हा तू अकराची होतीस आणि मी सहाचा. तोवर आई जमिनीवर बसून सगळं करायची, मग तिचे गुडघे धरले आणि बाबांनी एका सुट्टीत विटा आणून टाकल्या. बाबांकडे मोजपट्टी होती, पण ती त्यांनी खिशातून काढलीच नाही. आईला अनवाणी भिंतीपाशी उभं केलं, कणीक मळायची नक्कल करायला सांगितलं, आणि तिच्यासमोर एकावर एक विटा रचत गेले. तू विटा देत होतीस. प्रत्येक विटेला बाबा वर बघायचे आणि आई मान हलवायची, अजून नाही, अजून नाही. मग एका विटेला ती म्हणाली, "पुरे." तीच उंची. आई दारातून जाताना मान झुकवायची एवढी उंच बाई. (तिची उंची सगळी तू घेऊन गेलीस. माझ्या वाट्याला बाबांचं नाक आलं.) दुपारी ओल्या सिमेंटमध्ये मी पाय दिला म्हणून तू मला बखोटीला धरून नळाखाली नेलंस, आणि बाबा हसत होते. बाबांना हसताना पाहिल्याचं मला फारसं आठवत नाही, त्यामुळे तो दिवस मी जपून ठेवलाय. आईने संध्याकाळी त्या कच्च्या ओट्यासमोर नुसतं उभं राहून पाहिलं होतं, हात न लावता. तिच्या मापाची घरातली ती पहिलीच वस्तू असावी.

असो. वाचनालयातून बांधकामाचं एक जुनं पुस्तक आणलं. शाळा मी सातवीत सोडली, पण शिकणं अजून सोडलेलं नाही, हे तू जाणतेस. पुस्तक चांगलं होतं, फक्त एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं नव्हती. (पुढे कळलं की भिंत सरळ कशी ठेवायची ते नेमकं त्याच पानांत होतं. ज्याने ती फाडून नेली त्याच्या भिंती सरळ असतील. त्याचं भलं होवो.) कोपऱ्यावरच्या गवंड्यालाही विचारून आलो. तो म्हणाला तीन दिवसांचं काम आहे, आजोबा, मी येतो. मी म्हटलं, तू येऊ नकोस, फक्त वाळू आणि सिमेंट किती घ्यायचं ते सांग. त्याने माझ्याकडे, डॉक्टर ऑपरेशनला नकार देणाऱ्या रोग्याकडे बघतो तसं बघितलं आणि सांगितलं.

आता माप. विचारून माप घेतलं तर हिला सुगावा लागणार, आणि लागला की ही "असू दे" म्हणणार. हिच्या "असू दे"पुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. म्हणून मी युक्ती काढली. ओट्यासमोरची खिडकी मागच्या अंगणात उघडते. सकाळी ही कणीक मळायला खिडकीपाशी उभी राहिली की मी कात्री घेऊन अंगणातली वेल छाटायला जायचो आणि पानाआडून हिचं कोपर किती उंचीवर येतं ते बघून खिडकीच्या चौकटीवर बाहेरून पेन्सिलची खूण करायचो. एकदा नाही, तीन सकाळी केली. तीनही खुणा एकावर एक पडल्या. काट्यावरचा माणूस तो काट्यावरचाच. (वेल मात्र तीन दिवसांत संपली. आता तिथे काठी आहे.)

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याने कुंपणावरून हटकलं, की काका, स्वतःच्याच घरात डोकावायची पाळी का आली. मी सगळा बेत त्याच्या कानात सांगितला. त्याने उभी हयात लोकांची मापं घेण्यात घालवलेली. तो म्हणाला, खिडकीतून माप घेऊ नये, माणूस उभं करावं आणि माप पायापासून घ्यावं. मी त्याला म्हटलं, तुझं कापड असतं, माझं सिमेंट आहे, दोन्हीत फरक आहे. तो म्हणाला, फरक आहेच, कापड उसवता येतं. या शिंप्याला जास्त बोलायची खोड आहे असं माझं मत झालं.

मग ही बारा दिवसांसाठी लेकीकडे गेली. नातीची परीक्षा होती आणि आजी शेजारी बसल्याशिवाय नातीला गणितं सुटत नाहीत. (आजीला गणित येत नाही. पण ती बसते.) हिची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली आणि मी हातोडा उचलला.

अक्का, बाबांचा ओटा पाडणं सोपं गेलं असं वाटलं असेल तर ते मनातून काढ. पहिला घाव घालायला मला अर्धा तास लागला. आधी मी ओटा पुसला. मग त्याच्यावर हात ठेवून माफी मागितली. मग चहा केला, तोही त्याच्याच काठावर ठेवून प्यायलो. शेवटी डोळे मिटून घाव घातला तर हातोडा उडून माझ्याच पायावर आला, तेव्हा म्हटलं झाली फिटंफाट, आता सुरू करू. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस बाबा मनात शिव्या देत होते, पण ते कामाच्या दर्जाबद्दल, मला नव्हे.

आणि ऐक, खिडकीकडचा भाग भरीव होता ना, तो बाबांनी कशाकशाने भरला होता ते आत्ता कळलं. विटांचे तुकडे, कपाच्या कानांचा ढीग, माझा चाक गेलेला लाकडी बैल, तुझी फुटकी पाटी, एक खिळे काढलेली चप्पल, आणि अगदी खाली, आईच्या किटलीचं झाकण. हो, तेच. जे तू नदीवर खेळायला नेऊन हरवलंस म्हणून आईने तुझ्याशी चार दिवस अबोला धरला होता, आणि जे तू कधी नेलंच नव्हतंस. बाबांनी भर कमी पडली म्हणून हाताला लागेल ते टाकलं असणार, आणि मग आईचा पारा बघून गप्प बसले असणार. बासष्ट वर्षं तुझ्यावरचा आळ या घराच्या पोटात होता. मी ते झाकण राखेने घासून कपाटात वरच्या खणात ठेवलंय. तू निर्दोष आहेस असं मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने जाहीरही केलं. ऐकायला शिंपी होता. त्याने कुंपणावरून विचारलं, कोण सुटलं?

बांधकामाचं फार सांगत नाही. विटा भिजवून घ्यायच्या असतात हे मला अर्धी भिंत झाल्यावर कळलं, तेव्हा मी अर्धी भिंत भिजवली. ओळंबा दोरीला बांधून सोडला की भिंत सरळ आहे की नाही ते दिसतं. माझा ओळंबा सरळ होता, भिंतीने त्याचं ऐकलं नाही. ज्या डाव्या कोपऱ्यात शेगडी येते तिथे पूर्वीसारखंच खाली कपाट करायचं होतं, ते केलं, पण दार लावायचं तर बिजागरी कुठे बसणार याचा विचार दार लावताना करायचा असतो असा माझा समज होता. वरचा काळा दगड दुकानातून आणताना मी आणि शिंपी दोघं होतो. दारात आल्यावर मी म्हटलं डावीकडे, तो माझ्यासमोर तोंड करून होता, त्याने त्याची डावी घेतली. एका दगडाचे दोन झाले. नशीब एवढंच की अगदी मधोमध झाले, जणू मागवलेच होते तसे. मी ते शेजारी शेजारी बसवले आणि फट सिमेंटने बुजवली. फट अंगठ्याएवढीच आहे, पण डोळ्यांत भरते, त्यामुळे मी तिच्यावर मिठाची बरणी ठेवलीय.

पण अक्का, त्या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली की माझ्या अंगावर काटा आला. चौकटीवरच्या खुणेपासून चार बोटं खाली उतरून मी नव्या ओट्याची पातळी आखली. आखलेली रेघ आतल्या भिंतीवर आली तेव्हा बघतो तर काय, जुन्या ओट्याच्या रंगाची जी कड भिंतीवर राहिली होती, तिच्यावर ती तंतोतंत बसली. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही. मी तिथेच विटांवर बसलो. मला वाटलं, बाबांचं माप ते बाबांचं माप, तेव्हा घरात न आलेल्या सुनेलाही ते चुकलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांचंच काहीतरी चुकत असेल, उंची नव्हे तर जुन्या ओट्याची बोजड कड हिच्या हाताला लागत असेल, असा मी निष्कर्ष काढला आणि नव्या दगडाची कड गोल घासून घेतली. (शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तीच जुनी उंची सांगणारी रेघ समोर दिसत होती, तरी मी तिला नमस्कार केला.)

बाराव्या दिवशी ही आली. मी दारातच हिचे डोळे झाकायला गेलो तर हात वर जात नाही म्हणून हिला माझे हात बाजूला करता येईनात, आणि आम्ही तसेच अडखळत आत गेलो. हात काढले. ही बराच वेळ बघत राहिली. मग ओट्यावरून तळवा फिरवला, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मिठाच्या बरणीला वळसा घालून. मग खाली वाकून पाण्याच्या पिंपामागे हात घातला आणि मला विचारलं, "माझं स्टूल कुठे आहे?"

स्टूल! वीतभर उंचीचं ते बुटकं लाकडी स्टूल तुलाही आठवेल, बाबा बूट घालायला त्यावर बसायचे. मला ते पिंपामागे सापडलं होतं आणि बारा दिवस मी त्यावर सिमेंट कालवलं होतं. ते मी अंगणातून आणून दाखवलं. सिमेंटने ते आता स्टूल कमी आणि देवळाची पायरी जास्त दिसत होतं. ही ते घेऊन खिडकीपाशी गेली, त्यावर चढली आणि कणीक मळायला उभी राहते तशी उभी राहिली. कोपर बरोबर माझ्या खुणेवर. मग उतरली, शेगडीपाशी गेली, तिथे खाली कपाटाचं दार उघडावं लागतं म्हणून स्टूल ठेवता येत नाही, आणि तिथे हात उचलला. कोपर खांद्याच्या रेषेत. हिचा दोष नाही हो अक्का. ही पहिल्या दिवसापासून त्या स्टुलावर उभी राहायची, कुणी येताना दिसलं की पायाने ते पिंपामागे सरकवायची. मी एक्केचाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन चहा मागितला आणि दारातूनच परतलो. खिडकीतून फक्त अर्धं माणूस दिसतं. मी अर्ध्या माणसाचं माप तीन वेळा बिनचूक घेतलं.

मला वाटलं आता ही रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ही त्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, तर तेही खिडकीतून."

मी म्हटलं, आत्ता पाडतो. हातोडा अजून बाहेरच होता. पण ही नको म्हणाली. मी म्हटलं, का नको, हात जायची वेळ आलीय. तेव्हा हिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ही लग्न होऊन आली त्या आठवड्यात तू हिला स्वयंपाकघर दाखवलंस. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू ओट्यावर हात ठेवून म्हणालीस, हा आईच्या उंचीचा आहे, हा असाच राहू दे. तुला आठवतही नसेल. तू ते हिला बजावायला म्हणाली नव्हतीस, आईची आठवण आली म्हणून म्हणाली होतीस, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण नव्या सुनेला आठवण आणि आज्ञा यातला फरक कुणी सांगायचा? हिने दुसऱ्या दिवशी ते स्टूल शोधून काढलं आणि पुढची एक्केचाळीस वर्षं तुझा शब्द त्यावर उभं राहून पाळला. आता म्हणते, ह्यांनी वेंधळेपणाने पाडला आणि वेंधळेपणानेच पुन्हा त्याच उंचीला बांधला, म्हणजे वन्संचा शब्द आपोआप राहिला, आता तो जाणूनबुजून मोडायचा नाही.

हे ऐकून मी अंगणात जाऊन बसलो. बाबा आठवत होते. पट्टी खिशात ठेवून आईकडे बघणारे. मी समजत होतो की बाबांनी तेव्हा माप घेतलं. बाबांनी माप घेतलंच नव्हतं, ते आईला विचारत होते. तू विटा देत होतीस, तुला हे तेव्हाच कळलं असेल. मी नळाखाली पाय धूत होतो.

असो, म्हातारपणी लांबण फार लागते. पत्र लिहायचं खरं कारण किरकोळ आहे. ओट्यावर सांडलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून बाबांनी दगडाला किंचित उतार दिला होता. माझ्या ओट्यावरचं पाणी भिंतीकडे जातं आणि तिथे विचार करत थांबतं. बाबांनी उतार कसा दिला होता ते तुला आठवत असेल तर कळव, नसेल आठवत तरी हरकत नाही.

दाजींना नमस्कार, भाच्याला व सूनबाईंना आशीर्वाद, नातवाला पापा, बोक्याला जे त्याला चालत असेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं उताराचं नुसतं निमित्त होतं. तू ते पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील, पण मला लिहावं लागतंय. अक्का, माझी एक विनंती आहे. एक पत्र लिही, मला नको, हिला. तुझ्या अक्षरात. ओटा हवा तेवढा खाली घ्यावा, मी तेव्हा जे म्हटलं ते तसं म्हटलं नव्हतं, असं चार ओळींत लिही. माझी परवानगी हिच्या लेखी काही कामाची नाही, ती हिला माझ्या वेणीइतकीच वाटते. ओट्याला हात लावायचा तर वन्संचा शब्द हवा, असं ही तीनदा म्हणाली. डॉक्टरांनी दिलेल्या सहा महिन्यांतले दोन गेलेत. मी जुना ओटा तुला न विचारता पाडला त्याबद्दल जे बोलायचं ते वेगळ्या कागदावर लिही, तो मी एकटा वाचीन.

आणखी एक ता. क. हे मी दुसऱ्या दिवशी लिहितोय. सकाळी पाकीट आणि तिकीट आणायला गेलो होतो. पोस्टात रांग होती, शिवाय रांगेत शिंपी भेटला, म्हणजे तासभर गेला. परत येतो तर दारात कोपऱ्यावरच्या गवंड्याची सायकल. आत शेगडीकडची अर्धी बाजू जमीनदोस्त, ही अनवाणी मधोमध उभी, आणि गवंडी हिच्यासमोर बसून मुकाट्याने हिच्या सांगण्याप्रमाणे विटा लावतोय. मी काही विचारायच्या आत हिने मला घमेलं आणायला पाठवलं. (हे पत्र हिने टेबलावर पडलेलं वाचलं, असं नंतर कळलं. उघडं पत्र टेबलावर ठेवून जाणं हा माझा वेंधळेपणा होता की दुसरं काही, ते मी तुला प्रत्यक्ष भेटीत सांगीन.) दुपारी गवंडी गेल्यावर ही नव्या, खालच्या ओट्यासमोर उभी राहिली, हात पुढे केला, आणि कोपर कमरेच्या वर गेलं नाही. मी वखारीतल्यासारखं वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. बरोबर होतं.

खिडकीकडची अर्धी बाजू मात्र हिने तशीच ठेवली, माझी, वाकडी, आईच्या उंचीची. मी म्हटलं, आता एवढं पाडलंच आहे तर तीही उतरवून घे, तुझ्याने होत नसेल तर मी पाडतो. ही म्हणाली, "आणि वन्सं आल्या की त्यांनी कुठे वाकून करायचं?"

तर अक्का, परवानगीचं पत्र आता कशाला, असं मनात आणू नकोस. हे पत्र अजून पाकिटातही गेलेलं नाही, तरी दुपारपासून ही दर तासाला दारात जाऊन पोस्टमन आला का बघते, आणि मी विचारलं तर म्हणते वारा बघते. काम आधी झालं आणि शब्द मागून आला, हे हिला आत कुठेतरी खातंय. तेव्हा पत्र आजच लिही, फार लांबवू नकोस, आणि तारीख मागच्या आठवड्यातली टाक.